घरच्या व्यायामासाठी वजनदार डंबेल : काँक्रीट कुठवर, लोखंड कुठून

डंबेल घरी तयार करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगाच्या रिकाम्या डब्यात ओतलेले काँक्रीट येते. हलक्या वजनापुरता हा मार्ग उत्तम आहे. मात्र एका हातात २५-३० किलो पेलणाऱ्या माणसाला तो फार दूर नेत नाही आणि त्याचे कारण साधे गणिताचे आहे. एक लिटर काँक्रीटचे वजन साधारण २.४ किलो भरते, तर तेवढ्याच जागेत मावणाऱ्या पोलादाचे ७.८५ किलो. साडेसहा किलोचा एक गोळा १६० मिमीच्या पीव्हीसी पाइपात ओतला, तर तो सुमारे १५ सेंमी लांब होतो. म्हणजे दोन गोळे आणि मधली १३ सेंमीची मूठ धरून जेमतेम १५ किलोचे डंबेल ४३ सेंमी लांब होते आणि बाकावर झोपून दाबताना दोन्ही हातांतली डंबेले छातीवर एकमेकांना अडू लागतात. याउलट, खाली वर्णन केलेले ३२ किलोचे लोखंडी डंबेल अवघे ३७ सेंमी लांब आहे. त्यामुळे माझा सल्ला असा की १५ किलोपर्यंत, फार तर २० किलोपर्यंत, काँक्रीट वापरावे आणि त्यापुढे लेथवाल्याची (लोखंड फिरवून कापणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्याची) पायरी चढावी.

दोन्ही प्रकारांत खरा प्रश्न वजनाचा नसून मूठ आणि वजन यांच्या जोडाचा असतो. कोल्हापूरच्या तालमींत उचलायची दगडी नाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन पटेल, कारण तिची मूठ त्याच दगडात कोरलेली असते आणि तिथे सुटण्यासारखे काही उरतच नाही. आपल्याला तो जोड करावा लागतो. माझ्या पहिल्या काँक्रीटच्या डंबेलात मी गुळगुळीत जी.आय. (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप तसाच माल भरून बसवला होता. दोनेक महिन्यांत गोळा पाइपावर फिरू लागला, मी त्याकडे दुर्लक्ष केले आणि एके सकाळी तो निसटून पायापासून वीतभर अंतरावर पडला. फरशीचे दोन तुकडे झाले. पाऊल वाचले हे नशीब.

म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी पाइपाच्या दोन्ही टोकांना, गोळ्यात बुडणाऱ्या भागात, एकमेकींना काटकोनात आणि थोड्या वरखाली अशी दोन भोके पाडावीत व त्यांतून ८ मिमी सळईचे १० सेंमी लांबीचे तुकडे आरपार घालावेत. १ भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि ३ भाग बारीक खडी (१० मिमीपेक्षा मोठी नको) असा माल कालवावा. १ किलो सिमेंटला अर्धा लिटर पाणी पुरते. माल सैल करण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण जास्तीचे पाणी उडून गेल्यावर मागे पोकळ्या राहतात आणि गोळ्याच्या कडा झडू लागतात. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, तेव्हा रबरी हातमोजे घालावेत. साच्याला आतून तेलाचा हात फिरवावा, माल थराथराने भरून सळईने ठोसावा आणि पाइप ओळंब्यात आहे की नाही ते तपासावे. पहिला गोळा दोन दिवस घट्ट होऊ दिल्यावरच डंबेल उलटे करून दुसरा ओतावा. त्यानंतर ओले गोणपाट गुंडाळून किमान सात दिवस पाणी मारत राहावे. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस लागतात; तेवढा धीर नसेल तर निदान दोन आठवडे तरी डंबेलाला हात लावू नये.

आता लोखंडाकडे वळू. ही मांडणी वजन कमी-जास्त करता येईल अशी आहे. प्रत्येक डंबेलासाठी २५ मिमी जाडीचा ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी गोल सळई) ३७० मिमी लांब कापून घ्यावा आणि १ इंची काळ्या (जस्ताचा थर नसलेल्या) पाइपाचा १३० मिमीचा तुकडा घ्यावा. या पाइपाचा बाहेरचा व्यास सुमारे ३३.७ मिमी आणि आतला २७ मिमीच्या आसपास असल्याने तो बारावर सहज सरकतो. तो बरोबर मध्यावर आणून दोन्ही टोकांना पूर्ण गोलाईत वेल्ड करावा. हा पाइपच मूठ होतो आणि त्याची टोके प्लेटांना (वजनाच्या चकत्यांना) आतून टेकू देतात. इथे जी.आय. पाइप वापरू नये; त्यावरील जस्ताचा थर वेल्डिंगच्या आचेने जळतो आणि तो धूर छातीत गेला तर ताप भरतो.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वेल्डिंग आणि मग लेथ, असेच सांगावे. उलटे केले तर वेल्डिंगचे शिंतोडे आट्यांवर उडतात आणि नट अर्ध्यावर अडकतो. शिवाय वेल्ड केलेली कड कधीच सपाट नसते. टर्नरने (लेथ चालवणाऱ्याने) तिच्यावरून एक हलका काप घेतला की वायसर तिच्यावर नीट बसतो आणि प्लेट डुगडुगत नाही. त्याच बैठकीत बाराच्या दोन्ही टोकांना १२० मिमी लांबीपर्यंत एम-२४ चे (२४ मिमी व्यासाचे), ३ मिमी पिचचे (दोन आट्यांत ३ मिमी अंतर असलेले) आटे पाडून घ्यावेत आणि मुठीवर हलके नर्लिंग (पकडीसाठी खरखरीत नक्षी) करून घ्यावे. नर्लिंग खोल झाले तर तळहात सोलतो. आमच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपांत असे काम सांगताना कागदावर मापांसह आकृती काढून न्यावी, म्हणजे तोंडी सांगण्यातला घोळ टळतो.

प्लेटांसाठी २५ मिमी जाडीच्या एम.एस. (साध्या पोलादाच्या) प्लेटमधून २०० मिमी व्यासाच्या चकत्या प्रोफाइल कटिंगवाल्याकडून (जाड पत्रा हव्या आकारात कापून देणाऱ्याकडून) कापून घ्याव्यात. मोठ्या कामातून उरलेल्या तुकड्यांत त्या बसत असतील तर त्या स्वस्तात पडतात, म्हणून आधी भंगारात काय पडले आहे ते विचारावे. मधले २५ मिमीचे भोक मात्र गॅसने न कापता ड्रिलने किंवा लेथवर करून घ्यावे, कारण गॅसचे भोक एका बाजूला रुंद व दुसऱ्या बाजूला अरुंद होते आणि प्लेट बारावर तिरपी बसते. अशी एक चकती सुमारे ६ किलोची भरते. त्याच व्यासाची १२ मिमी जाडीची चकती २.९ किलोची होते. बार, मूठ, नट आणि वायसर मिळून साधारण सव्वादोन किलो धरावेत. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन जाड आणि एक पातळ चकती लावली की डंबेल ३२ किलोच्या थोडे वर जाते, पातळ चकत्या काढल्या की साडेसव्वीसवर येते आणि एकेक जाड चकतीच ठेवली तर साडेचौदावर. मधली वजने हवी असतील तर ६ मिमीच्या चकत्याही करून घ्याव्यात.

सर्व चकत्या घरी आणल्यावर काट्यावर तोलून प्रत्येकीवर तिचे वजन खडूने लिहावे आणि जवळच्या वजनांच्या जोड्या लावाव्यात. पत्र्याच्या जाडीत आणि कापात थोडाफार फरक राहतोच. डाव्या-उजव्या डंबेलांत १०० ग्रॅमचे अंतर हाताला कळत नाही, पण एकाच डंबेलाच्या दोन टोकांतला पाव किलोचा फरक मनगटाला लगेच कळतो.

जोडताना मुठीच्या बाजूला वायसर, मग चकत्या, पुन्हा वायसर, त्यावर नट आणि त्याच्यावर चेकनट (पहिला नट सैल होऊ न देणारा दुसरा नट) अशी रचना ठेवावी. पहिला नट पान्याने आवळून तो त्या पान्याने तसाच धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्याने चेकनट त्याच्यावर कसायचा. एकटा नट कितीही आवळला तरी उचल-ठेवीच्या हादऱ्यांनी सैल होतो. डोक्यावर दाबण्याच्या व्यायामापूर्वी दोन्ही टोके हाताने फिरवून पाहण्याची सवय लावून घ्यावी; वजन तोंडावर असताना नट फिरतो आहे हे कळून उपयोग नसतो.

चकत्यांच्या कडा ग्राइंडरने मारून गोल कराव्यात, त्यांवर रेड ऑक्साइडचा (गंज रोखणाऱ्या अस्तराचा) एक आणि इनॅमलचे दोन हात द्यावेत. मुठीला रंग लावू नये, कारण घाम आला की तो निसरडा होतो. तिला आठवड्यातून एकदा तेलाचे फडके पुसले तरी पुरते. कोकणात किंवा पावसाळ्यात तेच फडके रोज फिरवावे लागते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी डंबेलाखाली जाड रबरी मॅट टाकावी आणि वजन शेवटच्या वेळीही हातानेच टेकवावे.