ल्युपस आहे? मग लघवीकडे लक्ष ठेवा

ल्युपस म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार. त्यामुळे किडनीला सूज आली तरी सुरुवातीला दुखत नाही, म्हणून दर 3 महिन्यांनी लघवी तपासाच. सकाळची पहिली लघवी द्या. पाळीच्या दिवसांत नको, रक्त मिसळून रिपोर्ट चुकतो. प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रोटीन जातंय याचं माप) 0.5 च्या वर गेलं की बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासण्याचा, विषय निघतो.

घरी दिसणारी लक्षणं: न विरणारा फेस, सकाळी डोळ्यांभोवती नि संध्याकाळी घोट्यांवर सूज, 140/90 च्या वर बीपी. नागपूरच्या मे महिन्यात पाणी कमी पडूनही लघवी गडद पिवळी होते, पण पाणी प्यायल्यावर निवळते. कोलासारखा रंग मात्र उन्हाच्या माथी मारू नका. नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात नेफ्रोलॉजी (किडनीविकार) विभाग आहे, तिथे दाखवा. सांधे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका, तिने किडनीचा रक्तपुरवठा घटतो.