पहाटे पक्षी टिपायचेत? रात्रीच शटर बघा

बॅटरी, कार्ड, चार्जर सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला कळतं. मागच्या खेपेला मी जे विसरलो ते आधी: शटर, म्हणजे फोटो घेताना कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो ते. आदल्या रात्री वळचणीला घुबड येऊन बसलं होतं. ते ढिम्म हलत नव्हतं, म्हणून ट्रायपॉडवरून १/३० सेकंदाला निवांत फोटो काढले आणि कॅमेरा तसाच ठेवून दिला. सकाळी त्याच शटरवर दयाळाचे दोनशेवर फोटो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) ऑटोवर, त्यामुळे उजेड बरोबर. छोट्या स्क्रीनवर सगळं झकास. लॅपटॉपवर उघडतो तर फांदीवरचं शेवाळ तंतू न् तंतू दिसतंय आणि दयाळाच्या जागी काळा-पांढरा फराटा. शेपटीचा तर पत्ताच नाही.

तेव्हा झोपायच्या आधी शटर बघा. बसलेल्या चुळबुळ्या पक्ष्याला १/१००० च्या आसपास, उडत्याला १/२००० तरी. आयएसओ चढेल, फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणे नंतर कमी करता येतात, फराट्याचा पक्षी होत नाही.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिमीची, पुरे. १० पटीची हातात जास्त थरथरते. जागा संध्याकाळीच ठरवा. उगवतीकडे पाठ, समोर पाण्याचं पसरट भांडं. पाणी दोन बोटंच, लहान पक्षी खोल पाण्यात उतरायला कचरतात. भांडं झुडपाला खेटून नको, मांजर दबा धरून बसते. वर एक वाळकी फांदी रोवा: पक्षी आधी तिथे टेकतो, मान वाकडी करून अंदाज घेतो, मगच खाली येतो. त्या फांदीवर फोकस लावून बघा. आणि तेव्हाच शटरही बघा. हो, पुन्हा सांगतोय.

खिडकीतून काढणार असाल तर काच उघडा, आतला दिवा बंद.

घरट्याजवळ जायचं नाही. फांद्या बाजूला सारून तर मुळीच नाही. आडोसा गेला की कावळ्याला पिल्लं दिसतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको. दुसरा कोणी हद्दीत घुसला समजून तो बिचारा पिल्लांचं सोडून भांडायला धावतो.

बाकी मळकट कपडे, उजाडायच्या आत बैठक, वही-पेन्सिल, फोन गप्प. पहिला फोटो लगेच मोठा करून पक्ष्याचा डोळा बघा. फरकटलेला दिसला? शटर.