वर्गात वेगवेगळे धर्म शिकवताना या चुका टाळा

रमजान सुरू होता. सहावीच्या वर्गात मी मोठ्या हौसेने एका मुलीला उभं केलं, ‘तू सांग गं सगळ्यांना, रोजा कसा ठेवतात ते.’ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बाकाकडे बघत राहिली. मधल्या सुट्टीत हळूच म्हणाली, ‘बाई, मला घरी अजून रोजा ठेवूच देत नाहीत.’

मुलाला त्याच्या धर्माचा प्रवक्ता करणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. मुंबईतच कोकणी मुसलमान, बोहरी, खोजे यांच्या रीती वेगवेगळ्या, मग एका पोरीने कुणाकुणाच्या वतीने बोलायचं? कुणी आपणहून सांगितलं तर जरूर ऐकावं. आपण मात्र ‘मुसलमान असं करतात’ न म्हणता ‘बरेचजण असं करतात’ म्हणावं. एवढ्यानेही फरक पडतो.

‘ईद म्हणजे त्यांची दिवाळी’ हे असंच एक सोयीचं वाक्य. त्यात ईदही कळत नाही, दिवाळीही नाही. त्यापेक्षा भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि मुलांना ईदच्या तारखा शोधायला लावा. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते. हिंदू पंचांगात अधिक मास धरून ती तूट भरून काढतात. गणिताचा तासही त्यात निघतो.

ज्यू म्हटलं की मुलांना परदेश आठवतो. बेने इस्रायली ज्यू मात्र कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावात नावच पडलं ‘शनिवार तेली’. दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावं ऐकून वर्ग चकित होतो. मशीद बंदरजवळचं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, 1796 सालचं आहे.

सहल काढायची तर आधी चौकशी करा. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. मुलांना दारापर्यंत नेऊन परत फिरवण्याची वेळ माझ्यावर आली आहे.

आरती किंवा नमाज वर्गात करून घेऊ नका. माहिती देणं वेगळं, उपासनेत सामील करणं वेगळं. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेत बसवता येत नाही. पालक तक्रार घेऊन आले तर वाद घालू नका, वही उघडून काय शिकवलं ते दाखवा.

आणि आगाऊ प्रश्नावर ओरडू नका. ‘पारशी आगीला देव मानतात का?’ या प्रश्नावर वर्ग हसला, तेव्हा मी तो फळ्यावर लिहून ठेवला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने उत्तर आणलं: देव अहुर मज्द, अग्नी त्याचं प्रतीक. शेजारच्या आजींना विचारलं म्हणे.