इच्छामरण, म्हातारे गुप्तहेर आणि विनोद: रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

निवृत्त मंडळींची टोळी, एक संशयास्पद इच्छामरण आणि वरून विनोद. हा मसाला अनेकांना खुणावतो. कल्पना सुचली की दुसऱ्या दिवशी पहिलं प्रकरण लिहून तयार असतं, महिनाभरात शेवटही. मधे वाचन करायला मात्र कोणाला वेळ नसतो. मग त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि त्यातली सगळ्यात महागडी चूक पहिल्या पाच पानांतच झालेली असते.

ती चूक म्हणजे 'इच्छामरण' या एका शब्दावर सगळं भागवणं. मराठीत हा शब्द तीन निराळ्या गोष्टींना सर्रास लावला जातो. रुग्णाच्या मागणीवरून डॉक्टर स्वतः औषध टोचतो, ही एक. औषधाची सोय दुसऱ्याने केली पण घेतलं रुग्णाने स्वतःच्या हाताने, ही दुसरी. हिला सहाय्यित आत्महत्या म्हणायचं. आणि व्हेंटिलेटर काढणं किंवा उपचार थांबवणं, ही तिसरी. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तिन्ही एकाच टोपलीत घातल्या तरी खपून जातं. रहस्यकथेत खपत नाही, कारण शेवटची हालचाल कोणाच्या हाताची होती यावरच खून झाला की नाही हे ठरतं.

एका नवोदिताच्या २४० पानी खर्ड्याचं काय झालं ते बघा. निवृत्त ग्रंथपाल बाई आणि त्यांचे शेजारी, एके काळचे रेल्वे गार्ड, ही जोडी फर्मास होती. बाईंची मैत्रीण इच्छामरणासाठी पुतण्यासोबत स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला जाते. तिथे परिचारिका तिला इंजेक्शन देते, ती शांतपणे जाते, पुतण्या अस्थी घेऊन परत येतो. कोणाला संशय नाही, पोलिसांना पत्ता नाही. तीन आठवड्यांनी आपल्या म्हाताऱ्यांना पहिला धागा सापडतो.

आता स्वित्झर्लंडचा कायदा काय म्हणतो? १९४२ पासून लागू असलेल्या तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११५ नुसार, स्वार्थी हेतूने आत्महत्येला मदत करणं हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्वार्थ नसेल तर शिक्षा नाही. सगळी सोय उभी आहे ती या एका अटीवर. पण औषध रुग्णाने स्वतः घ्यायला हवं. दुसऱ्याने टोचलं की प्रकरण कलम ११४ खाली जातं, म्हणजे मागणीवरून केलेली हत्या. या खर्ड्यातली परिचारिका बाराव्या पानावरच गुन्हेगार ठरली होती आणि लेखकाला त्याची गंधवार्ता नव्हती. त्याहून मोठी गफलत म्हणजे तिथे असा प्रत्येक मृत्यू नैसर्गिक न मानता लगेच कळवावा लागतो. पोलिस येतात, शासनाचा वैद्यकीय अधिकारी मृतदेह पाहतो, कागदपत्रं तपासली जातात. दरवेळी. 'पोलिसांना कळलंच नाही' या पायावर उभी राहिलेली उरलेली २२८ पानं त्यामुळे आपोआप कोसळली.

लेखकाने सुचवलेली दुरुस्ती अशी की पोलिस येतो, पण आळशी असतो. हे असलं ठिगळ लावू नका. पोलिसाला कामसू ठेवा आणि त्याला सगळं नीट तपासू द्या. कागद चोख, हात मृत व्यक्तीचाच, साक्षीदार हजर. त्याला जे दिसू शकत नाही ते आठ महिने आधी घडलेलं असतं. पुतण्याने काकूंना दुसऱ्याच कोणाचा तपासणी अहवाल दाखवलेला असू शकतो. म्हणजे इच्छा खरी, पण जिच्यावर ती उभी राहिली ती माहिती खोटी. मग कलम ११५ मधले 'स्वार्थी हेतू' हे दोन शब्दच कथेचं कुलूप होतात आणि किल्ली फक्त म्हाताऱ्या मैत्रिणींकडे असते. कारण पोलिसाला ठाऊक नसतं की जन्मभर पै-पै मोजणाऱ्या या बाईने तो अहवाल हातात पडायच्या चार दिवस आधी मासिकाची पाच वर्षांची वर्गणी सवलतीसाठी एकरकमी भरली होती. आजारपणाची चाहूल लागलेली चिक्कू बाई पाच वर्षांची वर्गणी भरत नाही. विनोद आणि पुरावा एकाच पावतीत. असं काही हाताला लागेपर्यंत पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

देश बदलला की रहस्याचा सांगाडाही बदलतो. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९९७ पासून कायदा आहे. आयुष्य सहा महिन्यांहून कमी उरल्याचं दोन डॉक्टरांनी ठरवावं लागतं, लेखी अर्जावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला निदान एक नातेवाईक किंवा वारस नसावा लागतो. औषध लिहून मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते शेवटपर्यंत घेतच नाहीत. न उघडलेलं ते पाकीट घरात राहतं, आणि ते कुठे गेलं हा प्रश्न एका कादंबरीला पुरतो. शिवाय तिथला कायदा अशा मृत्यूला आत्महत्या म्हणत नाही, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजाराचंच नाव असू शकतं. दाखला बघून म्हातारे फसले तर तो त्यांचा गाढवपणा नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून प्रत्येक प्रकरण कायदेतज्ज्ञ, डॉक्टर आणि नीतितज्ज्ञ असलेल्या समितीकडे नंतर तपासायला जातं. तिथे घोळ कागदांवर घालावा लागतो.

कथा भारतात घडत असेल तर सहाय्यित आत्महत्या कायदेशीर नाही, विषय संपला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली ती उपचार थांबवायला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे शुद्ध हरपली तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला. जानेवारी २०२३ मध्ये त्यातली प्रक्रिया सोपी झाली आणि दंडाधिकाऱ्याच्या सहीऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालू लागला. २०२१ सालच्या कथेत नोटरीकडे सही करून मोकळी होणारी आजोबा मंडळी मी पुष्कळ वाचली आहेत. तसंच कलमांचं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेतलं आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं कलम ३०६ लागतं, नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं १०८. आणि मैत्रिणीला 'शेवटची मदत' करणाऱ्या गोड आजीला इन्स्पेक्टर डोळे पुसत सोडून देतो, हा शेवट कृपा करून गाडून टाका. दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे तो. पोलिस ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. डोळे पुसायला फुरसत कोणाला असते?

दुसरी लाडकी चूक विनोदाची. म्हातारा विसरतो, म्हातारी चुकीचं ऐकते, सगळे हसतात. एकदा ठीक. चौथ्यांदा तोच विनोद आला की वाचक पुस्तक मिटतो, आणि साठी ओलांडलेला वाचक तर भिंतीवर फेकतो. खरं दुखणं असं की म्हातारपणाची बारीकसारीक माहिती हीच या प्रकारच्या कथेतली पुराव्यांची खाण आहे, आणि लेखक ती थिल्लर हशासाठी उधळून टाकतात.

बहिरेपण घ्या. वयासोबत ऐकणं सरसकट कमी होत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. म्हणून स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, थ असली हलकी व्यंजनं निसटतात. 'ऐकू येतं पण कळत नाही' ही तक्रार त्यातूनच येते. त्यामुळे साक्षीदार आजी 'साठ नंबरच्या खोलीत'चं 'आठ नंबरच्या खोलीत' ऐकतील, पण 'साठ'चं 'चाळीस' कधीच ऐकणार नाहीत. खर्ड्यांमध्ये मात्र शब्द वाटेल तसे बदलतात. गैरसमज कानाच्या नियमाने झाला तर चतुर वाचकाला तो आधी पकडता येतो. वाटेल तसा झाला तर ती फसवणूक.

श्रवणयंत्राचा सेल तर रहस्यकथेसाठीच बनवल्यासारखा आहे. छोट्या यंत्रांतले बरेच सेल हवेवर चालतात. त्यावर रंगीत चिकटपट्टी असते, ३१२ नंबरच्या सेलवर तपकिरी. ती काढली की हवा आत जाते आणि सेल जागा होतो. पट्टी पुन्हा चिकटवली तरी तो थांबत नाही. साधारण आठवडाभर चालतो. शिस्तीची माणसं रात्री यंत्र कानातून काढून सेलचं झाकण उघडं ठेवतात, म्हणजे तो वाया जात नाही. आता बघा: बाई 'झोपेतच गेल्या' असं घरचे सांगतात, पण यंत्र कानात आहे, झाकण बंद आहे आणि केराच्या डब्यात तपकिरी पट्टी पडली आहे. झोपायला निघालेली बाई नवा सेल घालत नाही. ती कोणाशी तरी बोलायला बसली होती. रोज हेच यंत्र वापरणाऱ्या मैत्रिणीच्या हे एका नजरेत लक्षात येतं, तरुण फौजदाराच्या येत नाही. तिला हुशार ठरवायला संवादांतून तिचं कौतुक करायची गरजच उरत नाही.

मोतीबिंदूचंही तसंच. पिवळट पडलेलं भिंग निळा रंग गिळतं, गडद निळा कोट काळा वाटतो. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना दोन डोळ्यांनी एकाच कोटाच्या दोन छटा दिसतात. त्यांची साक्ष नोंदवताना आधी कुठला डोळा मिटून, हे विचारावं लागेल. पेसमेकर अंत्यसंस्काराआधी काढावा लागतो, नाहीतर दहनात त्याचा स्फोट होऊ शकतो. तो कोणी, किती घाईने काढायला लावला हे बघा, कारण त्यात हृदयाच्या ठोक्यांची नोंद राहू शकते.

काही चुका एका ओळीच्या लायकीच्या आहेत. वय मोजा: २०२४ मध्ये ७८ वर्षांचा माणूस १९४६ चा, त्याला दुसऱ्या महायुद्धात लढवू नका. खुन्याची चार पानी कबुली देऊ नका. प्रत्येक वेळी मृत्युपत्रच कशाला? आजारी माणूस मरणाला तयार आहे आणि धडधाकट म्हाताराही 'आता काय उरलंय' म्हणत तयार आहे, या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. दुसऱ्याला मरण नको असतं, सोबत हवी असते.

औषधाचं नाव, मात्रा, मिळवायची रीत, यातलं अवाक्षर लिहू नका. 'वास्तवदर्शी हवं' म्हणणारे उतावळे इथेच सगळ्यात जास्त मेहनत घेतात. रहस्य कोणी आणि का यात असतं, किती यात नसतं. वाचणारा त्या रात्री कोणत्या मनःस्थितीत आहे हे तुम्हाला कळणार नाही. आत्महत्येच्या पद्धतीचे तपशील देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना सांगते. कादंबरीकाराला त्यातून सूट मिळायचं कारण नाही.

आणि त्या शेवटच्या खोलीत विनोद नको. दोन-अडीच पानं गप्प राहता येत नसेल तर विषय बदला. विनोद दाराबाहेर चालू द्या. तिथे रेल्वे गार्ड पेयाच्या यंत्रात अडकलेलं नाणं काढायला खाली वाकलेले असतात, ग्रंथपाल बाई त्यांना दबक्या आवाजात सूचना देत असतात, आणि मशीनखाली त्यांना नाण्याऐवजी तपकिरी पट्टी सापडते.