फुफ्फुसात गुठळी नाही, हे खात्रीने कसे ठरवावे

अचानक दम लागणे, खोल श्वास घेताना छातीत कळ येणे, भोवळ येऊन पडणे किंवा खोकल्यातून रक्त जाणे, अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली नसेल ना, ही शंका घ्यावीच लागते. ती फेडण्याची साधने नागपुरात धंतोली आणि रामदासपेठेत हाकेच्या अंतरावर आहेत. अडचण येते ती क्रमाची. रुग्णाकडे पाहण्याआधीच डी-डायमरची (गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा अंश मोजणाऱ्या तपासणीची) चिठ्ठी लिहिली, तर आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेल्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाला हे विवेचन लागू नाही. त्याला १०८ ची रुग्णवाहिका बोलावून तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे खाटेजवळच इको (हृदयाची सोनोग्राफी) करून उपचाराचा निर्णय होतो.

बाकीच्यांच्या बाबतीत आधी शक्यता मोजावी. त्यासाठी वेल्स गुणांकन, म्हणजे लक्षणे आणि पूर्वेतिहास यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत, पुरेसे आहे. पायाच्या खोल शिरेत गुठळी असल्याची लक्षणे असतील तर ३ गुण आणि इतर कोणत्याही निदानापेक्षा फुफ्फुसातील गुठळीच अधिक संभवत असेल तर ३ गुण द्यावेत. नाडी १०० च्या वर असणे, गेल्या ४ आठवड्यांत शस्त्रक्रिया किंवा किमान ३ दिवस अंथरुणाला खिळून राहणे, आणि पूर्वी गुठळी झालेली असणे, यांना प्रत्येकी दीड गुण. खोकल्यातून रक्त आणि कर्करोग यांना एकेक. बेरीज ४ पेक्षा जास्त झाली, तर डी-डायमरच्या नादी न लागता थेट सीटी अँजिओग्राफी (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करावी आणि तिला वेळ लागणार असेल, तर रक्तस्रावाचा धोका पाहून रक्त पातळ करण्याचे औषध आधीच सुरू करावे.

मे महिन्यात भर उन्हातून आलेल्या माणसाची नाडी तशीही जलद असते आणि थोडा वेळ कूलरसमोर बसवून ती पुन्हा मोजण्याचा मोह होतो. माझ्या मते गुण देताना पहिलीच नोंद धरावी, कारण नंतर नाडी उतरली म्हणून गुठळीची शक्यता उतरत नाही.

बेरीज ४ किंवा त्याहून कमी असेल, तेव्हाच डी-डायमरला अर्थ आहे. ५० वर्षांपर्यंत ५०० ही मर्यादा आणि त्यापुढे वयाची दहापट धरावी, म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांसाठी ७००. हे आकडे एफईयू (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) या एककातले, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरचे आहेत. काही प्रयोगशाळा डीडीयू (डी-डायमर युनिट) हे एकक वापरतात, तिथला आकडा साधारण निम्मा येतो आणि वयाचा हा हिशेब तिथे जसाच्या तसा चालत नाही. तेव्हा अहवालातले एकक वाचल्याशिवाय निर्णय देऊ नये. आकडा मर्यादेखाली असेल तर गुठळी नाही असे मानता येते; वर असेल तर एवढेच कळते की सीटी करायला हवी. जंतुसंसर्ग, गर्भारपण, शस्त्रक्रिया, कर्करोग यांतही तो वाढतो. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचा आकडा मुळातच चढा असू शकतो आणि गुठळीचा धोकाही अधिक असतो, म्हणून त्यांचे छातीचे दुखणे नेहमीचा क्रायसिस (त्या आजारातला वेदनांचा झटका) समजून सोडून देऊ नये. उलट, रक्त पातळ करणारे औषध आधीच चालू असेल तर डी-डायमर खोटा दिलासा देऊ शकते.

नातेवाईक बहुधा फाईल पुढे करून सांगतात, ‘डॉक्टरसाहेब, ईसीजी, एक्स-रे, टू-डी इको सगळं नॉर्मल आहे.’ यांपैकी एकाही तपासणीने गुठळी नाही असे ठरत नाही, आणि ऑक्सिजन ९८ टक्के दिसल्यानेही नाही. पायांचा डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) स्वच्छ आला तरी फुफ्फुसाबद्दल खात्री मिळत नाही. मात्र त्यात गुठळी सापडली आणि छातीची लक्षणे असतील, तर उपचार तोच असल्याने सीटी टाळता येते. गर्भवतीचा पाय सुजला असेल तर सुरुवात डॉपलरपासूनच करावी. मूत्रपिंड अधू असेल किंवा कॉन्ट्रास्टची (सीटीसाठी शिरेतून देतात त्या औषधाची) ॲलर्जी असेल, तर व्ही-क्यू स्कॅनचा (फुफ्फुसातली हवा आणि रक्तप्रवाह यांची तुलना करणाऱ्या तपासणीचा) विचार करावा.

गडचिरोली-चंद्रपूरहून आलेला रुग्ण त्याच रात्री परत जातो. त्याच्या कागदावर वेल्सचे गुण, डी-डायमरचा आकडा एककासह आणि सीटी केली असल्यास तिचा निष्कर्ष लिहावा. दम वाढला, एका पायाला सूज आली किंवा भोवळ आली तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे, हेही त्याला कळेल अशा मराठीत लिहून द्यावे.