मंगोलियाच्या स्टेप्सवरचं मुलांचं कॉमिक्स काढताय? मग या चुका टाळा

मुलांसाठी साहसकथा काढायची आणि ती मंगोलियात घडवायची ही आयडिया मस्तच आहे, पण बऱ्याचदा होतं काय की स्टेप्स, म्हणजे तिथला अफाट गवताळ माळ, नुसता मागच्या पडद्यासारखा राहतो, पुढे एक घोडा, एक गोल तंबू, फरची टोपी, आणि गोष्ट मात्र अशी की ती कुठल्याही जंगलात घडली असती तरी काही फरक पडला नसता. माझं ठाम म्हणणं आहे की हिरोपुढची अडचण त्या जमिनीतूनच आली पाहिजे, आणि खालच्या बहुतेक चुका तिथेच होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लपणं. पोरगा झाडामागे लपतो, चोर समोरून निघून जातात. पण झाड आलं कुठून? पूर्वेकडे दोर्नोदच्या मैदानात नजर जाईल तिथवर गवतच गवत, घोडेस्वार कितीतरी लांबून दिसतो आणि जमीन कोरडी असेल तर त्याची धूळ त्याच्याही आधी दिसते. (उत्तरेला खोव्स्गोलकडे जंगल आहे, पण मग ती स्टेप्सची गोष्ट राहत नाही.) मग पाठलाग दाखवायचा कसा? सावकाश. एका पानावर क्षितिजावर एक ठिपका, पुढच्या पानावर तोच ठिपका जरा मोठा, मग लक्षात येतं की ते तिघं आहेत, आणि मधल्या पॅनल्समध्ये आपली पोरं काहीतरी भलतंच करत बसलीयेत, बघणाऱ्या मुलाला आधी कळतं आणि तो कासावीस होतो, ही मजा दाट जंगलात येणारच नाही. लपवायचंच असेल तर टेकडीची पलीकडची बाजू आहे, नदीची खोल दरड आहे, रात्र आहे, धुळीचं वादळ आहे, मेंढ्यांचा कळप आहे.

झाडं नाहीत म्हणजे ओंडक्यांची शेकोटीपण नको. तिथे जनावरांचं वाळलेलं शेण जाळतात, अर्गाल म्हणतात त्याला, आपल्याकडच्या गोवऱ्यांचं काम तिथे ते करतं. ते वेचायला पोरंही जातात, म्हणजे तुमच्या हिरोइनला घरापासून लांब जायला आयतं कारण मिळालं!

पॅनल्स सपाट आणि कंटाळवाणे वाटत असतील तर आधी क्षितिज बघा, बहुतेक वेळा ते प्रत्येक चौकटीत बरोब्बर मधोमध असतं. कधी एकदम खाली घ्या म्हणजे आभाळ अंगावर येतं, कधी वर घ्या म्हणजे गवत आणि त्यातल्या वाटा दिसतात. आणि अधूनमधून गेरच्या आत शिरा.

गेर म्हणजे नमद्याचं (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं) गोल घर, आणि इथे चित्रकार खूप गडबड करतात. दार दक्षिणेला असतं. छताच्या मधोमध तोओनो नावाचं गोल झरोक्यासारखं चाक, त्यातून ऊन आत येतं, म्हणजे सकाळी कवडसा पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी उत्तरेकडे, संध्याकाळी पूर्वेकडे. एकदा हे पाळलं की चौकटीत 'दुपारी' असं लिहायचीही गरज पडत नाही. मधोमध चूल, पाहुणे पश्चिमेच्या बाजूला, समोरची उत्तरेची जागा मानाची. उंबऱ्यावर पाय देत नाहीत, मधल्या दोन खांबांना टेकून उभं राहत नाहीत, त्यामुळे हिरोला खांबाला रेलून स्टाइलमध्ये उभा काढू नका. परका माणूस गेरजवळ येताना 'नोखोइ खोर!' असं ओरडतो, कुत्रा आवरा म्हणून. पहिल्याच एंट्रीला याहून चांगला संवादाचा फुगा कुठला मिळणार?

घोडे उंच आणि चकचकीत रेसच्या घोड्यांसारखे काढले की सगळंच बिघडतं. मंगोल घोडा बुटका, दणकट, मोठ्या डोक्याचा, हिवाळ्यात केसाळ. बरेच लोक घोड्याला नाव न ठेवता रंगावरून ओळखतात, म्हणून 'तुफान' वगैरे नाव देण्याआधी विचार करा. ताखी हा वेगळाच, जंगली घोडा, १९९२ पासून तो खुस्ताइच्या राष्ट्रीय उद्यानात परत आणून सोडलाय, त्याच्यावर स्वारी करताना पोरगा अजिबात दाखवू नका. नादाम या सणातली घोड्यांची शर्यत घ्यायची तर ती जुलैत, ११ तारखेच्या आसपास, लहान मुलंच जॉकी असतात आणि ती गोल ट्रॅकवर नाही तर उघड्या माळावर कित्येक किलोमीटर पळते.

गरुड घेऊन शिकार करणारे हवेतच असं सगळ्यांना वाटतं. हरकत नाही, पण ती परंपरा मुख्यतः पश्चिमेच्या बायान-ओल्गी भागातल्या कझाक लोकांची आहे, शिकार हिवाळ्यात होते, आणि भाषा, कपडे वेगळे आहेत. दोर्नोदच्या उन्हाळ्यात गरुड आणून बसवू नका.

काळाची खिचडी हा अजून एक प्रॉब्लेम. १२०६ ची गोष्ट असेल तर चंगीझ खानाचा काळ नीट धरा. आजची असेल तर गेरबाहेर सोलर पॅनल, डिश, मोटरसायकल हे सगळं येऊ द्या, पाट्या सिरिलिकमध्ये असू द्या. आणि आजच्या गोष्टीत शाळा विसरू नका, १ सप्टेंबरला शाळा उघडते आणि गुराख्यांची बरीच मुलं गावातल्या वसतिगृहात राहतात, त्यामुळे ऑक्टोबरात पोरगा माळावर कळपामागे फिरत असेल तर कारण द्यावं लागेल. सोपं म्हणजे गोष्ट सुट्टीत घडवा. हिवाळा हवाच असेल तर झुद घ्या, बर्फाखाली चारा अडकतो आणि जनावरं उपाशी मरतात, २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाखांहून जास्त जनावरं गेली, हे मुलांना न घाबरवता पण खरंखुरं सांगता येतं, एका कोकराला वाचवायची गोष्टसुद्धा पुरते.

शेवटचं, प्रिंटला पाठवायच्या आधीचं. पॅनल छान बसावं म्हणून चित्र आडवं फ्लिप करतात ना, तेव्हा देल, म्हणजे मंगोल अंगरखा, उलटा होतो. खऱ्या देलची डावी बाजू उजवीवर येते आणि बटणं उजव्या खांद्याकडे लागतात, त्यामुळे फ्लिप केलेली प्रत्येक चौकट पुन्हा तपासा. आणि फुग्यात मात्रा, वेलांट्या, उकारांना जागा ठेवा, 'खुस्ताइ' किंवा 'बायान-ओल्गी' मधेच तोडून दोन ओळींत टाकलं तर मोठ्यांनापण वाचता येत नाही.