डबल सीट लाँग राइड: मागच्याची कंबर कशी वाचवायची

चालवणाऱ्याला समोरचा खड्डा दिसतो, मागच्याला दिसतं फक्त तुमचं हेल्मेट, त्यामुळे दणका त्याला जास्त लागतो. निघायच्या आधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन पॉइंट वाढवा, एकट्याच्या वजनावरचं सेटिंग असेल तर दोघं बसल्यावर शॉकअप पार दबतो आणि मग प्रत्येक खड्डा थेट कंबरेत. हवा पण डबल सीटची भरा, आकडा बहुतेक गाड्यांवर स्टिकरवरच असतो.

सॅक मागच्याच्या पाठीवर नको म्हणजे नकोच, खांदे भरून येतात. सीटच्या बाजूला लटकणाऱ्या सॅडलबॅगेत टाका. सीटमागच्या पेटीला, म्हणजे टॉपबॉक्सला, बॅकरेस्ट असेल तर उत्तमच, टेकायला होतं.

बाकी तुमच्या हातात. हेल्मेटवर हेल्मेट टकटक आपटतंय? मग तुमचा ब्रेक नाहीतर गिअर धसमुसळा चाललाय, थ्रॉटल हळू सोडा, क्लच सावकाश, आणि पुढे सिग्नल दिसला की लांबूनच स्पीड कमी करत या ना.

तासाभराने थांबाच, गुडघे दुमडून बसून पाय आखडतात, मागच्याला जरा पायी फिरू द्या. आणि खांद्यावर दोन टपल्या म्हणजे गाडी बाजूला घे, हे आधीच ठरवून ठेवा, वाऱ्यात ओरडलेलं काही ऐकू येत नाही.